सत्तेचाळीस सेकंद

"काल दुपारी दोन वाजून बारा मिनिटांनी कुठे होतात आपण?" श्रीनिवासरावांनी फोनवर विचारलं तेव्हा वैजनाथ गावंडे ऑफिसातल्या चहाच्या यंत्राखाली कप धरून उभा होता. प्रश्न पोलिसी होता आणि आवाज नेहमीचाच, म्हणजे समोरच्याने काहीतरी मूर्खपणा केला आहे हे नक्की, फक्त कोणता ते ऐकायचं बाकी आहे, असा. ऑफिसातच होतो, वैजनाथ म्हणाला. "वा. म्हणजे जागेवर होतात. तब्येत बरी होती?" हो, बरी होती. "फोन चालू होता?" फोन त्याचा कायमच चालू असतो. "उत्तम. एका बाईला आपली गरज होती, म्हणून विचारलं. दुपारी दोनपासून पावणेसातपर्यंत होती." एवढं बोलून ते थांबले आणि वैजनाथला त्यांच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली. कप केव्हाच भरला होता, तरी त्याने तो तसाच धरून ठेवला. "वाघोलीची आहे. शालू नाव. सव्वीस वर्षांची. बाळंतपणात रक्त थांबेना. बाळ बरं आहे, गर्भाशय काढावं लागलं. साताऱ्याचा एक जण कुणाच्या तरी ओळखीतून सापडला, तो पोचला पावणेसातला. आज आणखी एक बाटली लागणार आहे. येता ना?" येतो, वैजनाथ म्हणाला. आणि मग जे विचारायची भीती वाटत होती तेच विचारलं: काल मला फोन का नाही आला? "ते आता तुम्हीच सांगायचं," श्रीनिवासराव म्हणाले. "माझा काल सकाळी मोतीबिंदू काढला. डोळ्याला पट्टी आणि फोन सूनबाईंच्या कपाटात. म्हटलं काय बिघडतंय, गावंड्यांनी केलेलं पान आहे की. तर रक्तपेढीतली मुलगी म्हणते, तुमचं पान उघडतच नाही."

त्या पानाची हकीकत सांगायला हवी. श्रीनिवासरावांनी सगळी नोकरी रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून केली आणि निवृत्त झाल्यावर एक वही सुरू केली. बॉम्बे नावाचा एक रक्तगट आहे. दहा हजारांत एखाद्याचा असतो. साध्या तपासणीत तो ओ दिसतो, पण या माणसांना ओ चालत नाही, कुठलाच चालत नाही, आपल्याच गटाचा दुसरा कोणी शोधावा लागतो. अशा एकशे सहा माणसांची नावं आणि फोन त्या वहीत होते आणि त्यातलं चौऱ्याहत्तरावं नाव वैजनाथचं होतं. पाच वर्षांपूर्वी त्यानेच म्हाताऱ्याच्या मागे लागून त्या वहीचं अ‍ॅप्लिकेशन केलं. रक्तपेढीने पान उघडायचं, गाव टाकायचं, की जवळच्या माणसापासून लांबच्या माणसापर्यंत नावं येतात. नावापुढे बटण, बटण दाबलं की थेट फोन लागतो. आपल्या कंपनीच्या मशीनवर त्याने ते धर्मादाय म्हणून फुकट ठेवून घेतलं. श्रीनिवासरावांनी दोन महिने कुरकुर केली, अक्षर मोठं करून घेतलं, आणि मग एक दिवस फोन करून सांगितलं की वही आज रद्दीत घातली, आता सगळं तुमच्या भरवशावर. वैजनाथला तेव्हा केवढा आनंद झाला होता.

कप तिथेच ठेवून तो जागेवर आला. वास्तविक लगेच निघायला हवं होतं, हॉस्पिटल वीस मिनिटांवर होतं, पण त्याचे पाय आधी खुर्चीकडेच वळले. नोंदी उघडायच्या आधीच त्याला कळलं होतं की आत काय आहे. नोंदीत तीन वेळचा तपशील होता. दोन वाजून बारा मिनिटं सहा सेकंदांनी कोणीतरी पान उघडायला गेलं. दोन बारा त्रेपन्नला अ‍ॅप्लिकेशन उठून उभं राहिलं. पुढची तीस मिनिटं कोणीही आलं नाही. दोन बेचाळीस त्रेपन्नला ते पुन्हा झोपलं. तीन वाजून सात मिनिटांनी तेच. साडेचारला तेच. तिन्ही वेळा ते हाकेला उठलं होतं, तिन्ही वेळा अर्धा अर्धा तास जागं राहिलं होतं, आणि हाक मारणारं माणूस निघून गेलं होतं. त्याखाली, त्यानेच लिहिलेल्या नियमाप्रमाणे, यंत्राने आपला शेरा मारून ठेवला होता: तीनदा उठले, एकदाही वापरले गेले नाही, कायमचे बंद करण्याची शिफारस.

ही योजना वैजनाथची होती. कंपनी इतर संस्थांची अ‍ॅप्लिकेशनं आपल्या मशीनवर चालवायची, दोनशे तेरा अ‍ॅप्लिकेशनं, एकोणीस मशीन. त्यातली निम्म्याहून जास्त अशी की दिवसभरात तिकडे कोणी फिरकत नाही, पण ती आपली चालू, मशीनची ताकद खात, गिऱ्हाईक नसलेल्या दुकानात पंखा लावून बसावं तशी. वैजनाथने सुचवलं की अर्धा तास कोणी आलं नाही की अ‍ॅप्लिकेशन थांबवायचं, तेवढी जागा दुसऱ्याला मोकळी. कोणी येईल तेव्हा पुन्हा उठवायचं. चार महिने खपून त्याने ते उभं केलं आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत त्या ऑफिसात कोणी त्याच्याकडे इतकं लक्ष दिलं नव्हतं. एकोणिसातली अकरा मशीन बंद झाली. आणि लगेच जो तो येऊन त्याच्या टेबलाला टेकून उभा राहू लागला, सर आमचं तेवढं वगळा, सर आमचा क्लायंट जरा वेगळा आहे. कोणी तर दर दहा मिनिटांनी आपोआप पान उघडणारा एखादा चिल्लर प्रोग्रॅम लावून यंत्रालाच बनवायला लागले. मग वैजनाथने दोन नियम केले. यंत्राने मारलेल्या टिचक्या मोजायच्या नाहीत, माणसाने स्वतः उघडलं तरच ते अ‍ॅप्लिकेशन जागं मानायचं. आणि झोपवायच्या यादीतून कोणालाही वगळायचं तर ते सोमवारच्या मीटिंगमध्ये, सगळ्यांच्या संमतीने, कोणा एकाच्या हातात तो अधिकार नको, त्याच्या स्वतःच्याही नको. लोक मागून त्याला हेडमास्तर म्हणायचे. ते त्याच्या कानावर आलं होतं आणि मनातून बरंही वाटलं होतं.

रक्तगटाचं पान त्याने यादीत सगळ्यांत आधी घातलं होतं. मुद्दाम. दुसऱ्यांना शिस्त लावायची आणि आपलं तेवढं झाकून ठेवायचं हे त्याला जमलं नसतं. घालताना हात अडखळला होता हेही खरं, म्हणून त्याने ते झोपवून, उठवून, नीट तपासून पाहिलं. ऑफिसच्या खुर्चीत बसून पान उघडलं, कोरा पांढरा पडदा, आणि तो वाट पाहत बसला. सत्तेचाळीस सेकंद लागले. त्याने आपल्या वहीत लिहिलं, ४७ से., चालते. आता रिक्षातून हॉस्पिटलकडे जाताना म्हात्रे पुलावर गर्दीत अडकल्यावर त्याला ते सत्तेचाळीस सेकंद स्वच्छ आठवले. तो शांत बसला होता. खिडकीतून खाली कोणीतरी स्कूटरला किका मारत होतं ते पाहत होता. त्याला वाट पाहता आली, कारण पान येणार आहे हे त्याला माहीत होतं. बनवणाराच तो होता. रक्तपेढीतल्या मुलीला काय माहीत? तिच्यासमोर पांढरा पडदा, हॉस्पिटलचं नेटवर्क तिसाव्या सेकंदाला हात झटकतं, पान उपलब्ध नाही म्हणून पाटी येते, आणि पलीकडे ऑपरेशन थिएटरमधून फोनवर फोन. तीस सेकंद थांबली, हेच खूप झालं. तिने शहाण्या माणसासारखं ते बंद केलं आणि दुसरीकडे फोन फिरवायला घेतले. आणि सतरा सेकंदांनी पान उघडलं, कोणी नसलेल्या जागेत, आणि त्यात सगळ्यांत वर, सगळ्यांत जवळचं म्हणून, त्याचं नाव होतं.

दोन बाराला तो काय करत होता हेही त्याला आठवलं. योजनेला महिना झाला म्हणून केक आणला होता. त्याचा तरुण साहेब, अभिनव, म्हणाला होता, सर, तुम्हीच कापा, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. केक अननसाचा होता. त्याच्या मिशीला क्रीम लागलं होतं ते कोणी सांगितलं नाही, अर्ध्या तासाने आरशात दिसलं. फोन खिशात होता. त्याने तो आयुष्यात कधी मुका केला नाही, सिनेमात नाही, देवळात नाही, वडील गेले तेव्हा स्मशानातसुद्धा नाही, आणि त्यावरून चुलत्याने चारचौघांत त्याची शोभा केली होती. कारण सांगितलं असतं तर कोणाला पटलं नसतं. कारण असं की त्याचं नाव एका यादीत आहे आणि ती यादी कधीही वाजू शकते.

हे वेड दीपमालाच्या बाळंतपणापासूनचं. ती त्याची धाकटी बहीण, दारव्ह्याला दिलेली. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता, पुण्यात येऊन तीन वर्षं झाली होती. यवतमाळच्या दवाखान्यात घरातले सगळे ओ गटवाले रांगेने उभे होते आणि एकाचंही रक्त तिला जुळत नव्हतं. मग कोणी म्हातारा डॉक्टर म्हणाला, हिचा गट बॉम्बे असणार. आई घाबरून म्हणाली होती की पोरगी तर कधी मुंबईला गेलीच नाही. भावाचं तपासा, डॉक्टर म्हणाले, आणि वैजनाथ कारंज्याच्या वळणावर झोपेत डोकं आपटत आपटत बसने तिथे पोचला. जुळलं. खाटेवर पडून तो आपल्या हातातून निघणारी ती गडद नळी पाहत होता आणि त्याला एकदम हुंदका आला होता, दुःखाचा नाही. आयुष्यात पहिल्यांदा नेमका तोच हवा होता. त्याच्याऐवजी दुसरा कोणी चालला नसता. पुण्यात त्याच्या जागी कोणीही चालत होतं. ऑफिसात त्याला सहा वर्षं कुठल्याच एका कामावर ठेवलं नव्हतं, ज्याला लागेल त्याने घ्यायचा, काम झालं की परत आपल्या खुर्चीत. लग्नाचं पाहता पाहता राहून गेलं, कोणी मुद्दाम मोडलं असंही नाही. वारज्याच्या फ्लॅटमध्ये तो येतो की जातो याची वॉचमनखेरीज कोणाला दखल नव्हती. या सगळ्याचं त्याला तसं काही वाटत नसे, कारण तो त्या यादीत होता. एवढ्या वर्षांत त्याला सहा वेळा फोन आला होता. शेवटचा येऊन चौदा महिने झाले होते. मध्ये मध्ये फोन उगाच वाजतोय असं वाटायचं, खिशातून काढावा तर काही नसायचं, आणि मग आपण निराश झालो याचीच त्याला लाज वाटायची, कारण फोन न येणं म्हणजे कुठेतरी सगळं ठीक आहे.

रक्तपेढीतल्या मुलीने त्याला खाटेवर घेतलं, दंडाला पट्टा बांधला. ती कालचीच का? असावी. डोळ्यांखाली काळं होतं. त्याने विचारलं नाही. नळीतून रक्त चाललं आणि या वेळी त्याला काहीच वाटलं नाही, फक्त वाटलं की जरा भराभर जा, आता तरी भराभर जा. तपासून वर जायला आणखी दोन तास लागणार होते. बाहेर बाकावर शालूचा नवरा बसला होता, संपत, तिशीचा, उन्हाने रापलेला. वाघोलीत शेत होतं, आता त्यातल्या निम्म्यावर इमारती होत्या, उरलेल्यात हा अजून भाजी करायचा. त्याने पळत जाऊन कुठून तरी शहाळं आणलं होतं. ते दोन्ही हातांनी पुढे करत म्हणाला, "तुमी आलात, लई उपकार झाले बघा. मला म्हनले पुन्यातच एक मानूस हाय त्या रगताचा. काल कुनाला गावलाच न्हाई."

वैजनाथने शहाळं घेतलं नाही. म्हणाला, "मी काल इथे जवळच होतो."

"तुमास्नी ठावं असतं तर आला असता की."

"तसं नाही. ते पान मी झोपवलं होतं." संपतला काही कळलं नाही हे दिसलं तेव्हा वैजनाथ त्याच्या शेजारी बसला आणि सांगायला लागला. त्याला वाटलं होतं अवघड जाईल, पण सांगायला किती सोपं होतं. जे कोणी रोज वापरत नाही ते आम्ही बंद ठेवतो. लागलं की चालू होतं. पण चालू व्हायला वेळ लागतो, पाऊण मिनिट, आणि तेवढं कोणी थांबलं नाही. हे मी केलं. मला माहीत होतं वेळ लागतो. मी मोजला होता. बोलताना त्याचा आवाज चढला होता, समोरून जाणारी नर्स थबकली. त्याला वाटत होतं, आता हा उठेल, गळपट्टी धरेल, निदान शिवी देईल, आणि ती शिवी ऐकायला तो मनापासून तयार होता.

संपतने सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाला, "म्हंजे लोडशेडिंगवानी."

"हो. तसंच."

"आन् मोटर चालू केली तरी पानी यायला येळ लागतोच की. पाइपात भरायला लागतं." त्याने मान हलवली. "त्येला तुमी काय करनार? तुमी काय मुद्दाम केलं व्हय." आणि त्याने वैजनाथच्या दंडावर, पट्टी नव्हती त्या बाजूला, हलकेच थोपटलं. "प्या ते. तुमालाच चक्कर यील." वैजनाथने शहाळं तोंडाला लावलं. संपत त्याच्याकडे पाहत होता, आणि मग अगदी सहज, सामान बांधून झाल्यावर राहिलेलं एखादं विचारावं तसं त्याने विचारलं, "अजून लागलं तर तुमी हायेच ना?" वैजनाथ म्हणाला, नाही. एकदा दिलं की तीन महिने घेत नाहीत. तीन महिने माझा काही उपयोग नाही. संपतने जिन्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "न्हाई लागायचं."

शुक्रवारी सकाळी तो अभिनवच्या केबिनमध्ये गेला. अभिनव एकतीस वर्षांचा, वागायला गोड, सगळ्यांना सर म्हणायचा. त्याने लॅपटॉप मिटून पूर्ण ऐकून घेतलं आणि त्याचे डोळे खरोखर पाणावले. "सर, हे फार वाईट झालं. ऑफुली सॉरी." वैजनाथ म्हणाला, ते एक अ‍ॅप्लिकेशन यादीतून काढू या, आत्ता. अभिनवने टेबलावरचं पेन सरळ करून ठेवलं. "सर, मला पूर्ण कळतंय. पण प्रोसेस तुमचीच आहे ना. गेल्या आठवड्यात रोहनला आपण नाही म्हटलं, त्याच्या क्लायंटने तर पार वरपर्यंत एस्कलेट केलं होतं. आता तुमच्याच अ‍ॅपला मधेच काढलं तर कसं दिसेल? आणि मी एकटा अप्रूव्ह करूच शकत नाही, सिस्टीम दोन सह्या मागते, दुसरे सर सिंगापूरला आहेत. सोमवारी पहिला पॉइंट हाच. प्रॉमिस." सोमवारपर्यंत तीन दिवस आहेत, वैजनाथ म्हणाला. अभिनवने विचार केला. "माणसाने उघडलं की जागं राहतं ना? मग तोपर्यंत कोणीतरी मधून मधून उघडत राहिलं तर?" हे त्याने उपाय म्हणून सांगितलं होतं, चांगल्या मनाने. वैजनाथला वाटलं, ओरडावं. टेबलावरचं पेन घेऊन भिंतीवर मारावं. पण अभिनव एका शब्दानेही चुकत नव्हता, ते सगळं त्याने स्वतःच लिहिलं होतं, शुद्ध भाषेत, क्रमांक घालून. बरं, असं म्हणून तो बाहेर आला.

आणि तो ते पान उघडत राहिला. शुक्रवारी दिवसभर, दर पंचवीस मिनिटांनी. जेवताना, मीटिंगमध्ये टेबलाखाली, घरी जाताना बसमध्ये उभ्याने. गजर लावून रात्रही तशीच काढली. शनिवार उजाडला तो डोळ्यांत रेती घेऊन. वारज्याच्या त्या फ्लॅटमधून हायवे दिसतो आणि दिवसभर ट्रकची घरघर येत राहते. खालच्या मजल्यावर कोणीतरी फरशी फोडून घेत होतं. त्याने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडला, एका बाजूला पान, दुसऱ्या बाजूला नोंदी, आणि पुढ्यात घड्याळ. पोहे केले होते ते ताटलीत तसेच वाळले. हे सगळं हास्यास्पद आहे हे त्याला कळत होतं. पंचेचाळीस वर्षांचा माणूस एका पानाला झोप लागू नये म्हणून जागा बसला आहे. पण उठवत नव्हतं. मधल्या वेळात त्याने दीपमालाला फोन लावला. तिचा गट तोच, आणि ती यादीत का नाही हे त्याला माहीत होतं, तरी लावला.

"मले कोन घेते दादा?" ती म्हणाली. "माह्यं हिमोग्लोबिन नऊ हाये. मागच्या बारीले बी वापस पाठवलं होतं ना मले. आन् मी निंगाले तरी उद्या पोचन." मग जरा थांबून, "तुह्या आवाजाले काय झालं?"

"काही नाही. झोप नाही झाली."

"जेवला का?" तो हो म्हणाला. "खोटं बोलते. इकडं ये ना चार दिवस. तिथं कोन हाये तुह्यं?" तिचा मुलगा, तेव्हाचा, आता दाढी करतो, मागून काहीतरी ओरडला आणि ती हसली. वैजनाथला ते हसू ऐकत राहावंसं वाटलं. घड्याळात पंचवीस मिनिटं होत आली होती, म्हणून त्याने फोन ठेवला.

चार वाजून दहा मिनिटांनी नोंदीत एक नवी ओळ आली. त्याची नव्हती. हॉस्पिटलच्या रक्तपेढीची होती. पान एका सेकंदाच्या आत उघडलं होतं. वैजनाथ खुर्चीत ताठ झाला, आणि आधी त्याला आनंद झाला, लाज वाटावी इतका आनंद, की उघडलं, लगेच उघडलं. मग अर्थ लागला: शालूला पुन्हा रक्त लागत असणार. गाव: पुणे. पलीकडच्या मुलीला या क्षणी काय दिसतंय हे त्याला तोंडपाठ होतं, ते पान त्यानेच आखलं होतं. पहिली ओळ, वैजनाथ गावंडे, अंतर सहा किलोमीटर, करड्या अक्षरांत, त्यापुढे बटण नाही, पुन्हा उपलब्ध होण्याची तारीख, आजपासून अठ्ठ्याऐंशी दिवसांनंतरची. ती तारीख त्यानेच गुरुवारी हॉस्पिटलच्या बाकावर बसून भरली होती. दुसरी ओळ साताऱ्याच्या माणसाची, तीही करडी. पुढची नाशिकची, करडीच. मग मिरज. तिचं बटण दाबल्याची नोंद आली, उत्तर नाही. पुन्हा दाबलं; उत्तर नाही. कोल्हापूर, फोन उचलला, बोलणं अकरा सेकंद. अकरा सेकंदांत माणूस एवढंच सांगू शकतो की जमणार नाही. सोलापूर, उत्तर नाही. अंतराचा आकडा वाढत चालला होता, दोनशे, अडीचशे, चारशे, आणि सगळं बिनचूक चाललं होतं, एकेक ओळ जिथल्या तिथे, क्षणाचा उशीर नाही. त्याने स्वतःचा फोन उचलून सोलापूरचा नंबर लावला. बंद. मिरजेचा लावला. वाजत राहिला. नांदेडपुढचं बटण दाबलं गेलं आणि बोलणं चार मिनिटं चाललं. चार मिनिटं म्हणजे तो येतो म्हणाला. वैजनाथने नकाशा उघडला नाही. नांदेडहून किती तास लागतात हे मराठवाड्यातून वऱ्हाडात जाणाऱ्या माणसाला पाठ असतं.

मग नोंदी थांबल्या. त्याने साडेचारला पान उघडलं, चार पंचावन्नला उघडलं, पाच वीसला उघडलं. दंडावरची पट्टी खाजत होती, ती त्याने काढून टाकली. आत एक बारीक ठिपका राहिला होता, एवढाच. त्याला वाटलं, आत पाच लिटर आहे. माझ्या आत आत्ता पाच लिटर आहे, सहा किलोमीटरवर, आणि ते घेणार नाहीत. हॉस्पिटलात जाऊन हातापाया पडावं का, घ्या म्हणावं, मला काही होत नाही? त्याने चपला घातल्या. दारापर्यंत गेला. मग घड्याळ पाहिलं आणि परत येऊन पान उघडलं. कोणाला दुसरी नावं पाहायची असतील तर? सोलापूरवाल्याने फोन चालू केला तर? चपला पायात ठेवूनच तो बसून राहिला. खालची फरशी फोडणं थांबलं होतं.

सात वाजून पाच मिनिटांनी श्रीनिवासरावांचा फोन आला. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही, टोमणा नाही, कुकरही नाही. "गावंडे," ते म्हणाले, "तो नांदेडचा माणूस परभणीच्या पुढे आला होता. त्याला परत जायला सांगितलं." वैजनाथची नजर नोंदींवर होती. "ऐकताय ना?" हो. "त्या संपतने तुम्हाला निरोप दिलाय. तुमच्या रक्ताने दोन दिवस तरी मिळाले, तिने बाळाला पाहिलं, असं सांगा म्हणाला." त्यांचा आवाज फाटला, आणि म्हाताऱ्याने घाईघाईने ठेवून दिला.

वैजनाथने फोन टेबलावर पालथा ठेवला. बाहेर हायवेवर दिवे लागले होते. शेवटचं पान उघडून पंचवीस मिनिटं होत आली होती. शालू नव्हती, नांदेडचा माणूस परत निघाला होता, आणि सोमवार अजून दीड दिवसावर होता. त्याने हात पुढे केला आणि बटण दाबलं.

पान लगेच उघडलं.